थकलेल्या हप्त्याचं विचारतो, तसं गटाराचंही विचारायचं

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका निवृत्त आरोग्य सेविका ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या तायांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत.)

अध्यक्ष ताई, सचिव ताई, सगळ्या सीआरपी ताई, आणि कडेवर पोरं घेऊन लांबून आलेल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनो,

मला विषय दिलाय, ‘गावाची स्वच्छता आणि महिलांची जबाबदारी’. आता जबाबदारीवरची भाषणं बायकांना काही कमी ऐकायला मिळत नाहीत. अंगण झाडा, हात धुवा, पाणी गाळा, शौचालय वापरा. नोकरीत असताना मीही हीच भाषणं केली आणि त्यात चूक काहीच नाही. पण आज मी अर्धा वेळ आपल्या जबाबदारीवर बोलणार आणि अर्धा वेळ पंचायतीच्या. कारण स्वच्छतेचा नियम दोन्ही बाजूंना लागू असतो. आपल्या दाराला लागू होतो तो लगेच कळतो, दंडाची पावती हातात पडते. पंचायतीला लागू होतो तो मात्र कुणी वाचून दाखवत नाही.

पावतीवरनंच सुरुवात करू. घरी गेल्यावर घरपट्टीची पावती काढून बघा. तिच्यावर नुसती घरपट्टी नसते. खाली रकाने असतात: दिवाबत्ती कर, पाणीपट्टी आणि आरोग्य कर. आरोग्य कर कशाचा? गटार उपसायचा, कचरा उचलायचा, औषध फवारायचा. म्हणजे गटार साफ करणं हे पंचायतीनं आपल्यावर केलेले उपकार नाहीत, त्याचे पैसे आपण दरवर्षी भरतो. गटाराचं विचारायला गेलेल्या बाईला कुणी म्हणालं, ‘तुम्हाला काय करायचंय?’ तर तिनं पावती दाखवायची. बस्स.

दुसरं, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958. या कायद्याच्या कलम 45 मध्ये पंचायतीची कर्तव्यं सांगितलीत आणि त्यांची यादी कायद्याला जोडलेली आहे. गावातली स्वच्छता, सांडपाण्याची सोय, पिण्याचं पाणी, हे सगळं त्या यादीत आहे. कामात कसूर करणाऱ्या सरपंचावर किंवा सदस्यावर चौकशी होऊन त्याला काढता येतं, तेही याच कायद्याच्या कलम 39 मध्ये आहे. आणि पंचायतीच्या सदस्याच्या घरी शौचालय असलं पाहिजे, त्यानं ते वापरलं पाहिजे, नाहीतर तो अपात्र ठरतो. बघा, नियम त्यांनाही आहे.

पैसे नाहीत, हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल. त्याचंही ऐका. 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी गावांना जो निधी दिला, त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. दुसरीकडे वळवायचा नाही. म्हणून ‘पैसे आहेत का?’ असं विचारू नका. ‘स्वच्छतेचा निधी किती आला, कशावर खर्च झाला, शिल्लक किती?’ असं विचारा. या प्रश्नाला आकड्यातच उत्तर द्यावं लागतं.

दंड कुणाला आणि कशासाठी

आता आपल्या बाजूचं. गुड मॉर्निंग पथक सगळ्यांना आठवत असेल. पहाटे गाडी यायची, शिट्ट्या वाजायच्या, बायका तोंड लपवून पळायच्या. उघड्यावर बसणाऱ्यावर मुंबई पोलीस कायद्याच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, कलम 115 आणि 117 खाली कारवाई करून बाराशे रुपयांपर्यंत दंड करत. उघड्यावर बसल्यानं रोगराई होते हे खरंच आहे. गॅस्ट्रो आणि कावीळ कशानं पसरते हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. दंडाची तरतूद कायद्यात आहे, तिला माझी ना नाही.

पण शिट्ट्या मारणं, बाईचा फोटो काढणं, गळ्यात हार घालणं, हे कुठल्या कलमात आहे? कुठल्याच नाही. शौचालय नाही म्हणून रेशन बंद करू असं दमात घेणं? अन्नसुरक्षा कायद्यात तशी अट नाही. नियम पाळायला लावणं वेगळं आणि बाईची अब्रू काढणं वेगळं. हा फरक आपल्याला सांगता आला पाहिजे, कारण उद्या स्वच्छता समितीत बसून आपणच नियम पाळायला लावणार आहोत. तेव्हा आपल्याही हातून तसं होता कामा नये.

आणखी एक. शौचालय आहे पण नळाला पाणी नाही, अशा घरात काय होतं? बाईच्या डोक्यावर रोजचे दोन-तीन हंडे वाढतात. मग ती म्हणते, मी अंधारात जाऊन येईन पण एवढं पाणी वाहणार नाही. तिला दंड करायच्या आधी पंचायतीला पाण्याचं विचारलं पाहिजे.

टाकीपाशी नव्हे, शेवटच्या नळाला

आता एका गावाचं सांगते. नाव सांगत नाही, कारण अशी गावं पुष्कळ आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर एका आळीत जुलाब-उलट्यांचे पेशंट यायला लागले. बाकी गाव ठीक. पंचायत म्हणाली, टीसीएल रोज टाकतो. टाकीजवळच्या नळाची ओटी टेस्ट केली तर पाणी छान पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. सगळे म्हणाले, पाणी चांगलं आहे, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल.

मग आम्ही त्या आळीच्या शेवटच्या घरी गेलो आणि तिथल्या नळाचं पाणी तपासलं. पिवळं व्हायचं नावच नाही. मधे होता व्हॉल्व्हचा खड्डा आणि तो गटाराच्या पाण्यानं भरलेला. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. पाणी चालू असतं तेव्हा पाइपात दाब असतो, घाण आत शिरत नाही. पाणी बंद झालं की दाब जातो आणि पाइप ढिल्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात तेच येतं. टाकीत टाकलेलं टीसीएल ती घाण मारता मारता संपून जातं, शेवटच्या घराला काही उरत नाही.

म्हणून लक्षात ठेवा, तपासणी करायची ती टाकीपाशी नाही, शेवटच्या नळाला. प्यायच्या पाण्यात तिथेही लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं मानक आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे, किट पंचायतीकडे असतं. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण? माहीत नसेल तर आधी ते शोधा. त्या बहुतेक तुमच्या गटातल्याच निघतील आणि किट कपाटात कुलपात असेल. टीसीएलची पोतीही बघा. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की त्यातला क्लोरीन उडून जातो. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर म्हणजे नुसता चुना.

त्या गावातल्या बायकांनी काय केलं? मोर्चा काढला नाही. त्यांनी एक वही केली. तारीख, घर, पिवळं झालं की नाही, आणि शेजारी घरमालकिणीची सही किंवा अंगठा. एवढंच. तीन आठवडे लिहिलं. मग ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव केला आणि ठरावाला वहीची झेरॉक्स जोडून पंचायतीत दिला.

पहिल्यांदा भाऊसाहेब म्हणाले, बघतो. दुसऱ्यांदा सरपंच म्हणाले, तुमच्यातल्या अमक्या ताईला फार राजकारण सुचतंय. झालं असं की जी ताई बोलायला पुढे होती, तिच्या नवऱ्याला संध्याकाळी चावडीवर गाठून ‘बायकोला आवर’ म्हणून सांगितलं. ती घाबरली. साहजिक आहे. तिला त्याच लोकांच्या शेतात कामाला जायचं होतं.

मग ग्रामसंघानं शहाणपण केलं. पुढचा अर्ज एकीच्या नावानं दिलाच नाही. ठराव ग्रामसंघाचा, खाली सगळ्या गटांच्या अध्यक्ष-सचिवांच्या सह्या, आणि द्यायला गेल्या त्या पंधरा जणी. एका बाईला दमात घेता येतं, पंधरा घरांना घेणं अवघड जातं. व्हॉल्व्हचा खड्डा उपसला, पक्का बांधून वर झाकण आलं आणि पाइपाचा सांधा बदलला. अडीच महिने लागले. गटार मात्र पुढे दोन वर्षं तसंच होतं. सगळं एकदम होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आपल्याला येतंच की हे

तुम्ही म्हणाल, ताई, कायदा-बियदा आम्हाला काय कळतो? मी म्हणते, तुम्हाला त्याहून अवघड गोष्ट येते. वसुली येते. गटातल्या एखादीचा हप्ता थकला तर तुम्ही काय करता? भांडता का? नाही. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर शांतपणे विचारता. अडचण काय ते ऐकता. तारीख मागता. नोंदवहीत लिहिता. त्या तारखेला पुन्हा विचारता. बँकेनं नावाजावं अशी परतफेड तुम्ही अशीच उभी केलीत. पंचायतीकडे आपली कामाची थकबाकी आहे असं समजा आणि तसंच विचारा. दशसूत्रीत आरोग्य आहे, पंचायत राज संस्थांमधला सहभागही आहे. ही दोन सूत्रं आपण नुसती म्हणतो, ती अशी वापरायची असतात.

पायऱ्या सांगते, लिहून घ्या.

एक. गटाच्या बैठकीत नोंद करा. ‘गाव घाण आहे’ असं लिहू नका. ‘शाळेसमोरचं गटार अमुक तारखेपासून तुंबलेलं आहे, पाणी रस्त्यावर येतं’ असं लिहा. जागा, तारीख, त्रास.

दोन. ग्रामसंघात ठराव घ्या. अर्जाच्या दोन प्रती करा. एक पंचायतीला द्यायची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. त्यात कामाची तारीखही मागा.

तीन. महिला सभा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, असं कायद्यात आहे. कित्येक गावांत ती सह्यांपुरती होते. शिपाई रजिस्टर घेऊन घरी आला तर सही करू नका. सभेला चला, आपला ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि उठण्याआधी तो वाचून दाखवायला सांगा. मग तो ग्रामसभेत मांडा.

चार. आशा ताई आणि अंगणवाडी ताईंना सोबत घ्या. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिची बैठक शेवटची कधी झाली ते विचारा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या जागांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि धोका बघून पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाला कुठलं मिळालं? लाल असेल तर का? हा प्रश्न सभेत विचारला की सगळे सरसावून बसतात, कारण लाल कार्ड कुणालाच नको असतं.

पाच. तरीही काम नाही झालं तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना लेखी द्या, आधीच्या सगळ्या पोच जोडून. निधीचा हिशेब मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेवढेही लागत नाहीत. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

सहा. हे शेवटचं. गटार, घाण, कारखान्याचं पाणी, यानं सगळ्या वस्तीला उपद्रव होत असेल तर प्रांतसाहेबांकडे दंडाधिकारी म्हणून अर्ज करता येतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 होतं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 झालं आहे.

या कलमामागे एक मोठी गोष्ट आहे. मध्य प्रदेशात रतलाम म्हणून शहर आहे. तिथल्या एका वस्तीतले लोक उघडी गटारं, रस्त्यावरची घाण आणि दारूच्या कारखान्याचं सांडपाणी यानं कंटाळले आणि दंडाधिकाऱ्याकडे गेले. दंडाधिकाऱ्यानं नगरपालिकेला गटारं नीट करायचा आदेश दिला. नगरपालिका लढत लढत थेट सुप्रीम कोर्टात गेली आणि म्हणाली, आमच्याकडे पैसेच नाहीत. 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. त्याचा अर्थ असा की पैसे नाहीत हे सांगून स्थानिक संस्थेला लोकांच्या आरोग्याची जबाबदारी टाळता येणार नाही. गटारं बांधा, शौचालयं बांधा, घाण हटवा, आणि ठरलेल्या मुदतीत. हा निकाल आजही वकील कोर्टात दाखवतात. तो मिळवला तो त्या वस्तीत राहणाऱ्या साध्या लोकांनी.

आधी आपला उकिरडा

आता जरा कडू बोलते, राग मानू नका. पंचायतीला विचारायचं तर आपलं दार आधी बघावं लागतं. एका ग्रामसंघात असंच झालं. हापशाजवळच्या घाणीचा ठराव करायला बसल्या आणि लक्षात आलं, तिथला उकिरडा आपल्याच गटातल्या ताईचा आहे. दोन म्हशी, जागा तेवढीच, शेण टाकणार कुठे? एक जण म्हणाली, आपलीच आहे, सोडून द्या. दुसरी म्हणाली, मग सरपंचाच्या भावाच्या पोल्ट्रीचं कोणत्या तोंडानं विचारायचं?

त्यांनी तिला सोडलं नाही आणि दंडही केला नाही. एक महिन्याची मुदत दिली. चौघींनी दोन दिवस श्रमदान करून तिच्या परड्यात खताचा खड्डा काढून दिला. महिन्याच्या आत उकिरडा हलला. मग त्याच ग्रामसभेत पोल्ट्रीचा विषय निघाला तेव्हा कुणाला बोट दाखवायला जागा उरली नाही. पोल्ट्रीलाही महिनाभराचीच मुदत दिली. नियम सगळ्यांना सारखा असेल तरच तो चालतो. गरिबाच्या उकिरड्याला दंड आणि मोठ्याच्या पोल्ट्रीला नमस्कार, असा नियम गाव मनातून कधीच मानत नाही.

अजून दोन गोष्टी आपल्या दारच्या. डेंग्यूचा डास गटारात नाही, आपल्या रांजणात, पिंपात, फ्रिजमागच्या ताटलीत, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, भांडी रिकामी करून घासून कोरडी करायची. हे काम सरपंच येऊन करणार नाही, ते आपणच करायचं. फक्त आपणच म्हणजे घरातले सगळे, नुसती सून नव्हे.

दुसरी, शौचालयाची टाकी. भरली की कुणाला बोलावता? माणूस आत उतरवू नका. आतल्या विषारी वायूनं माणूस एका मिनिटात पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हातानं मैला साफ करून घेण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, तो गुन्हा आहे. अशा कामात मेलेल्याच्या घरच्यांना 30 लाख रुपये द्यायचा आदेश सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये दिला. पण पैशानं गेलेला माणूस येतो का? टाकी उपसायची गाडी मागवा. गावात येत नसेल तर तीच मागणी ठरावात घाला. ठरावीक समाजाच्या माणसाला बोलावून पाचशे रुपये हातावर ठेवायचे आणि स्वतःला स्वच्छ म्हणवून घ्यायचं, हे आपल्या गटांना शोभत नाही.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेऊन गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनात लोकांना रोखठोक प्रश्न विचारायचे. खराटा आपण बायकांनी कधीच खाली ठेवलेला नाही. आता प्रश्नही विचारायला लागू.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक ग्रामसंघानं एवढं करून यावं: घरपट्टीच्या पावतीवरचा आरोग्य कर बघणं, पाणी तपासणाऱ्या पाच जणींची नावं शोधणं, शेवटच्या नळाची एक तपासणी, आणि गावातल्या एका जागेचा, एकाच, जागा-तारखेसह लेखी अर्ज. पोच प्रभागसंघाच्या फाइलला लावा. त्यापुढच्या बैठकीत हप्त्यांच्या आढाव्यानंतर लगेच या अर्जांचा आढावा घ्या. काम झालं तर ‘झालं’ लिहा, नाही झालं तर पुढची तारीख लिहा.

ऐकून घेतलंत, बरं वाटलं. आता जेवणाआधी हात धुवायची रांग लावा. बाहेर साबण ठेवलाय.